‘नेक्स्ट’ दाबण्याआधी

पायथन शिकणाऱ्या वर्गात फळ्यावर तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत ‘यादी’ या चलात 1, 2, 3 हे आकडे ठेवायचे. दुसरीत ‘नक्कल’ला ‘यादी’शी बरोबरीच्या चिन्हाने जोडायचे. तिसरीत ‘नक्कल’च्या शेवटी 4 घालायचा. (चलांना अशी देवनागरी नावे पायथन 3 मध्ये खरोखर चालतात.) मग विचारायचे : आता ‘यादी’त किती आकडे? तीन, असे उत्तर येण्याची शक्यता दाट. खरे उत्तर चार आहे.

चूक मुलांच्या आळसाची नसते. चल म्हणजे डबा, असे त्यांना पहिल्याच धड्यात सांगितलेले असते. मग एका डब्यातले दुसऱ्यात ओतले, तर पहिल्याला काय फरक पडणार? पायथनमध्ये मात्र चल हे नुसते नाव. दुसऱ्या ओळीने नवी यादी तयार होतच नाही, त्याच यादीला आणखी एक नाव मिळते. तोंडी सांगितलेले हे वाक्य मुले वहीत उतरवतात आणि परीक्षेत पुन्हा तीनच लिहितात.

फिलिप गुओ यांनी 2010 मध्ये सुरू केलेले ‘पायथन ट्यूटर’ इथे कामाला येते. ते ब्राउझरमध्ये चालते. डावीकडे आपला कोड, उजवीकडे संगणकाच्या स्मृतीचे चित्र. ‘नेक्स्ट’ दाबले की एक ओळ चालते आणि चित्र बदलते. दुसऱ्या ओळीला उजवीकडे नवी यादी उगवत नाही. ‘नक्कल’मधून निघालेला बाण जुन्याच यादीवर जाऊन टेकतो. शिवाय इथे मागेही जाता येते. काय घडले ते कळले नाही, तर पाऊल मागे घ्यायचे आणि पुन्हा पाहायचे. जावा, सी, सी++ आणि जावास्क्रिप्टचा कोडही असाच उलगडता येतो.

कोडचा परिणाम डोळ्यांसमोर आणण्याची ही ओढ जुनी आहे. 1967 मध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा घडवली. आज्ञेनुसार चालत रेघ काढणारे तिचे कासव पुढे प्रसिद्ध झाले. ‘शंभर पावले पुढे, उजवीकडे 90 अंश’ असे चारदा सांगितले की चौरस तयार. खरी गंमत त्रिकोणात आहे. भूमितीच्या तासाला समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंश घोकलेले मूल कासवालाही 60 अंशच वळायला सांगते आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो! मग स्वतः कासवासारखे चालून पाहावे लागते. तेव्हा लक्षात येते, की वळायचे आहे ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे 120 अंशांतून. लाल शाईची फुली न मारता चूक दाखवणारा शिक्षक तो हाच.

एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेसनिक यांच्या गटाने 2007 मध्ये आणलेले ‘स्क्रॅच’ याच घराण्यातले. त्यातल्या आज्ञांचे ठोकळे जुळत असतील तिथेच बसतात, त्यामुळे स्वल्पविराम, कंस यांच्या चुका संपतात. विचारातल्या चुका राहतात, आणि त्या राहायलाच हव्यात.

तरीही नुसत्या हलत्या चित्रांवर भाळू नये. टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी 1981 मध्येच क्रमवारी लावण्याच्या नऊ पद्धती दाखवणारा अर्ध्या तासाचा चित्रपट केला होता. आज सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले ‘व्हिज्युअ‍ॅल्गो’ तेच पडद्यावर हवे तेव्हा करून दाखवते. हजार आकड्यांची क्रमवारी लावायला ‘बबल सॉर्ट’ या पद्धतीला 4,99,500 तुलना लागू शकतात, तर ‘मर्ज सॉर्ट’ला नऊ हजारांच्या आत. रंगीत पट्ट्या उड्या मारताना पाहून मुले खूश होतात, पण शिकतात का? हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी 2002 मध्ये अशा चित्रांवरच्या 24 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की विद्यार्थ्याला काय दिसते यापेक्षा तो त्या चित्राशी काय करतो, हे अधिक मोलाचे. ‘व्हिज्युअ‍ॅल्गो’ने प्रश्नमंजूषेची सोय ठेवली आहे ती उगाच नव्हे.

‘अवर ऑफ कोड’ या उपक्रमातल्या कोड्यांबाबतही हेच. आज्ञांचे ठोकळे उलटसुलट लावत राहिले तरी कोड्यातला पक्षी शेवटी डुकरापर्यंत पोहोचतो. पडद्यावर अभिनंदन झळकते; लूप समजला की नाही, हे गुलदस्त्यातच. वर्गाची भीड मोडायला अशी कोडी बरी, पण पाठ शिकवून झाला असे समजायला नव्हे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख केला आहे. ज्या शाळेत एका संगणकाभोवती दहा मुले बसतात, तिथेही हे जमण्यासारखे आहे. उलट एकच पडदा असेल तर शिक्षकाच्या हाती लगाम राहतो. ‘स्क्रॅच’ संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. 1, 2, 4, 8, 16 ठिपक्यांचे पुठ्ठ्याचे पत्ते उलटसुलट करून द्विमान संख्या शिकवण्याचा न्यूझीलंडच्या टिम बेल यांचा ‘सीएस अनप्लग्ड’मधला खेळ तर विजेशिवायही होतो.

तेव्हा संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती : ‘नेक्स्ट’वर बोट ठेवा, पण दाबू नका. पुढच्या ओळीनंतर चित्र कसे दिसेल, ते आधी प्रत्येकाला वहीत काढायला लावा. मग दाबा.