दुसरी प्रत

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली येथेच झाला. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात येथील राममंदिरातून पुरातन मूर्ती चोरीस गेल्या आणि सारे गाव हळहळले. पुढे पोलिसांनी मूर्तींचा शोध लावला, तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला. अशा मूर्तीची उणीव दुसऱ्या मूर्तीने भरून निघत नाही.

समर्थांच्या दासबोधाची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचे शिष्य कल्याणस्वामी ह्यांनी लिहून घेतलेल्या ह्या ग्रंथाच्या नकला मठोमठी होत गेल्या. एखादी पोथी वाळवीने खाल्ली, तरी दुसऱ्या मठातील पोथीवरून पुन्हा नक्कल करता येई. शब्दांची प्रत काढून दूर ठेवता येते, हेच त्यांचे मोठे बळ होय.

आज कंपन्यांचे व बँकांचे दप्तर कागदावर नसून संगणकातील फायलींत असते. ह्या फायली ज्या मुख्य संगणकात ठेवतात, त्यास सर्व्हर म्हणतात. कचेरीतील इतर संगणक तारांच्या जाळ्याने त्यास जोडलेले असतात. तो बंद पडला, की सर्वांचेच काम खोळंबते. म्हणून त्याच फायलींची प्रत बाळगणारा दुसरा सर्व्हर ठेवतात.

पोथी आणि फाइल ह्यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या मठातील पोथी आणण्यास महिना लागला, तरी चालत असे. बँकेच्या खिडकीशी उभा असलेला शेतकरी मात्र महिनाभर थांबू शकत नाही. पहिला सर्व्हर थांबताच दुसऱ्याने आपण होऊन कारभार हाती घेतला पाहिजे. ह्या व्यवस्थेस फेलओव्हर असे नाव आहे.

पहिला थांबला, हे दुसऱ्यास कसे कळते? दोन्ही सर्व्हर क्षणाक्षणाला एकमेकांस ‘मी चालू आहे’ अशी खूण पाठवितात. ती खूण येईनाशी झाली, की दुसरा पुढे सरसावतो. परंतु येथे एक धोका संभवतो. पहिला सर्व्हर धडधाकट असून केवळ मधली तार तुटली असेल, तर? मग दोघेही स्वतःस मुख्य समजतात, आणि एकाच फाइलीत वेगवेगळ्या नोंदी होऊ लागतात. हे टाळण्यासाठी तिसरे यंत्र साक्षीदार म्हणून ठेवतात. तिघांपैकी दोघांचे मत जुळेल, तोच निर्णय मान्य होतो.

नक्कल करण्याच्या रीतीही दोन आहेत. पहिल्या रीतीत दोन्ही ठिकाणी लिहून झाल्याशिवाय नोंद पक्की मानीत नाहीत. तीत काही हरवत नाही. पण दुसरा सर्व्हर फार दूर असल्यास काम मंदावते. दुसऱ्या रीतीत नोंद आधी येथे पक्की होते व मागाहून तिकडे जाते. काम जलद होते. परंतु अपघात झाल्यास शेवटच्या काही नोंदी गमावण्याचा संभव असतो. म्हणून मोठ्या संस्था जवळच्या प्रतीसाठी पहिली रीत आणि दूरच्या प्रतीसाठी दुसरी रीत वापरतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चुकून एखादी फाइल पुसली गेली, तर दुसरा सर्व्हरही आज्ञाधारकपणे ती पुसून टाकतो. ह्यास्तव रोजच्या जुन्या प्रती निराळ्या जागी जपून ठेवाव्या लागतात.

ही सावधगिरी किती मोलाची असते, हे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत दिसून आले. दूरसंचाराच्या वाहिन्या बिघडल्या, आणि त्यांच्या बिघाडानंतरही चालू राहावयाचे ते माहितीचे भांडारच राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेस दिसेनासे झाले. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलेले व्यवहार दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजाराजवळ दूरच्या शहरी राखीव यंत्रणा होती. पण त्या दिवशी कारभार तिच्याकडे नेण्यात आला नाही. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ ह्या नियामक संस्थेने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव यंत्रणेवरून काम सुरू करावे, असे ठरले.

तेव्हा अशी यंत्रणा निवडताना किंमत हा पहिला प्रश्न नव्हे. काम किती वेळ थांबलेले चालेल, आणि किती नोंदी गमावलेल्या चालतील, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. लहान कचेरीस रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे पुरेसे होईल. रुग्णालयास तेवढ्याने भागणार नाही. यंत्रणा घेतल्यावर सुटीच्या दिवशी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसरा उभा राहतो की नाही, हे वरचेवर पाहावे.

मठांतील पोथ्या नुसत्या बासनात बांधून ठेवण्यासाठी नव्हत्या. त्या वाचल्या जात. वाचणाऱ्यास गाळलेली ओवी तत्काळ उमगे. प्रत आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. ती उघडून पाहावी, तेव्हाच तिच्यावर विसंबावे.