परभृत मासा

कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संस्कृतात तिला ‘परभृत’, म्हणजे परक्याने पोसलेली, असे नावच आहे. परंतु हाच उद्योग करणारा एक मासा आहे, आणि तो आपल्या बैठकीच्या खोलीतील काचेच्या पेटीतही नांदतो, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. आज त्याची ओळख करून द्यावयाची आहे. ही ओळख चुकली की पुढचे सारे गणित चुकते. माझे ते चुकले होते.

आफ्रिकेत टांगानिका नावाचे एक प्रचंड सरोवर आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया ह्या चार देशांचे किनारे त्यास लागतात. तेथे ‘सिनोडोंटिस’ ह्या वर्गातील मिशाळ मासे राहतात. आपल्या शिंगाळ्याचे आणि मांगुराचे हे दूरचे भाईबंद. अंगावर खवले नाहीत. तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या, त्यांतील खालच्या दोन जोड्यांना फाटे फुटलेले. पाठीच्या परात आणि छातीच्या परांत एकेक ताठ काटा. हा मासा जाळीने कधी धरू नये. काटे जाळीत अडकतात आणि मासा जखमी होतो. भांड्यात पाण्यासकट उचलावा.

ह्यांपैकी तीन जाती बाजारात एकमेकींच्या नावाने खपतात. तिघींच्या अंगावर काळे ठिपके, आणि काळ्या परांना पांढरी किनार. मग ओळखावयाचे कसे? प्रथम पोट पाहावे. ‘मल्टिपंक्टॅटस’चे पोट पांढरे, बिनठिपक्यांचे असते आणि डोळे मोठे असतात. ‘पेट्रिकोला’ आणि ‘लुसिपिनिस’ यांच्या पोटावरही ठिपके असतात. ह्या दोघींत फरक असा की, लुसिपिनिसच्या परांच्या मुळाशी फिकट डाग असतो. पेट्रिकोलाच्या परांत तो नसतो. लुसिपिनिस ही निराळी जात म्हणून शास्त्रज्ञांनी २००६ साली नोंदविली. तोवर हौशी लोक तिला ठेंगणी पेट्रिकोलाच समजत. ह्याशिवाय संकर करून काढलेले मासेही बाजारात येतात. त्यांच्यावर कोणतेही लक्षण धड बसत नाही.

मला एका दुकानात पेट्रिकोला म्हणून चार पिल्ले मिळाली. मी पोट पाहिले नाही. ती मी मलावी सरोवरातील सिक्लिड माशांच्या पेटीत सोडली. ह्या सिक्लिडांची मादी अंडी तोंडात उबविते आणि तीन-एक आठवडे बहुधा उपाशी राहून पिल्ले सांभाळते. दोन वर्षांनी अशा एका मादीने तोंड उघडले, तेव्हा बाहेर पडलेल्या पिल्लांना मिशा होत्या! तिचे स्वतःचे एकही पिल्लू नव्हते.

घडले ते असे. सिक्लिडची मादी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. ह्या क्षणभराच्या अवकाशात मल्टिपंक्टॅटसची नरमादी मध्ये घुसतात, तिची काही अंडी खातात आणि आपली टाकतात. घाईत मादी सारीच उचलते. परक्यांची अंडी यजमाणीच्या अंड्यांआधी फुटतात, आणि आपला बलक संपला की ती पिल्ले त्याच तोंडात तिची पिल्ले खाऊ लागतात. तेत्सु सातो ह्या जपानी संशोधकाने १९८६ साली ‘नेचर’ साप्ताहिकात हे प्रथम जगापुढे मांडले.

कामगार चळवळीत हयात गेलेल्या माझ्यासारख्यास ह्या माशाला शोषक म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोह आवरला पाहिजे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, टांगानिकातील सिक्लिड, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ह्या शेजाऱ्याबरोबर गेल्या आहेत, परकी अंडी पुष्कळदा थुंकून टाकतात. इतर सरोवरांतील सिक्लिडांना ही विद्या जवळजवळ नाहीच. त्यांना हा शेजारी कधी भेटलाच नव्हता. म्हणजे टांगानिकात सामना बरोबरीचा आहे. माझ्या पेटीत तो बरोबरीचा नव्हता, आणि ती जोडी जमविणारा मी होतो. दोष माशाचा नव्हे.

तेव्हा ज्यांना पैदास करण्याची हौस आहे, त्यांनी लुसिपिनिसपासून आरंभ करावा. ती कोणाच्या तोंडावर अवलंबून नाही. पाणी जड आणि अल्कधर्मी, उष्णता २५ अंशांच्या आसपास, पेटीत दगडांच्या कपारी आणि पाचसहा माशांचा जथा. मातीच्या लहान कुंडीत काचेच्या गोट्या भरून ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि आईबापांपासून वाचतात, कारण हे मासे आपलीच अंडी खातात. कुंडी वेळीच उचलून दुसऱ्या पेटीत ठेवावी. पिल्ले पोहू लागली की त्यांना नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाच्या अळ्या द्याव्यात.

मल्टिपंक्टॅटस पाळावयाचाच असेल, तर टांगानिकातील सिक्लिडांबरोबर पाळावा, आणि पिल्लांचा काही वाटा त्याचा जाणार हे आधीच मान्य करावे.

शेवटी एक विनंती. मासे कंटाळा आला म्हणून नदीत, तळ्यात सोडू नका. आफ्रिकी मांगूर असाच बाहेरून आला. सरकारला २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घालावी लागली. आणि विकत घेताना मासा काचेपाशी येईपर्यंत थांबा. दुकानदार घाई करील, करू द्या. पोट पाहिल्यावाचून पैसे देऊ नका.