शिडाच्या होड्यांच्या शर्यती : हंगाम कसा आखावा?

श्रोतेहो, महालात राहणाऱ्या माणसाने शिडाच्या होड्यांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव, फार तर अंबाझरी. समुद्र पाहायचा तर एक रात्र आगगाडीत काढावी लागते. पण अडचण तीच आहे, जी आपल्या गावच्या दंगलीला असते. तारीख धरायची, पाहुण्या मल्लांना बोलावणे धाडायचे, इनामाची वर्गणी गोळा करायची. आणि ऐन वेळी काही आडवे आले तर? 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जत्रा, दंगली, शाळांचे सामने सारेच थांबले. होड्या तरी कशा सुटणार?

मुंबईत हा खेळ जुना आहे. तिथल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 सालची. 1982 च्या एशियाडचे बहुतेक खेळ दिल्लीला झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईला. त्यांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळवले.

आता हंगाम आखायला बसलेल्या माणसाने आधी काय पाहावे? जे आपल्या हातात नाही, ते आधी पाहावे. जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला, तेव्हा लहान होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. ऑक्टोबरपासून पुढे खरा हंगाम. त्यातही दिवसाची वेळ महत्त्वाची. शाळेत आपण मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो, तेच इथे कामाला येतात. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मधल्या वेळात पडतो, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा उठतो. म्हणून शर्यत दुपारची धरावी. सकाळी दहाला सोडलेल्या होड्या पुष्कळदा शीड लोंबकळत जागच्या जागी उभ्या राहतील.

मग भरती-ओहोटी. कोकणातल्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे, शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. पण आखणीला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, आणि मुंबईला तेव्हा पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. दुपारी शर्यत लावली नि त्याच वेळी उधाणाची ओहोटी लागली, वर वारा पडला, तर पोराची होडी पाण्याबरोबर बाहेर समुद्राकडे निघाली म्हणून समजा. चतुर्थी-पंचमीचा रविवार मिळाला तर शर्यतीच्या वेळी पाणी भरत येऊन थबकलेले असते. तेव्हा कॅलेंडर आणि पंचांग दोन्ही समोर ठेवल्याशिवाय एकही तारीख लिहू नये.

शेजारच्यांच्या तारखाही पाहाव्यात. हैदराबादच्या हुसेनसागरावर 2009 पासून पावसाळी शर्यती भरतात, त्या जुलैत. समुद्र बंद असताना तलावावर वारा चांगला मिळतो. मुले तीच, खर्च करणारे आईबापही तेच. एकमेकांच्या तारखा अंगावर घेतल्या तर दोन्हीकडे होड्या कमी.

हे झाले नेहमीचे. अनिश्चित काळात यावर आणखी एक काम करावे लागते, ते म्हणजे शर्यती झाल्या नाहीत तर काय, हे आधीच लिहून ठेवणे. या खेळाची गुणपद्धती त्याला सोयीची आहे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. बेरीज ज्याची कमी तो जिंकला. बहुधा प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. तेव्हा दहा शर्यती जाहीर कराव्यात, पण चार झाल्या तरी मालिका धरली जाईल असे छापावे, आणि मध्ये राखीव दिवस मोकळे सोडावेत. म्हणजे हंगाम अर्ध्यावर तुटला तरी मुलांची मेहनत फुकट जात नाही. साथीच्या दिवसांत एकट्याने चालवायच्या होड्या पुढे घ्याव्यात. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांची ऑप्टिमिस्ट ही तशीच होडी. दोघांच्या होडीत एक आजारी पडला की दुसराही किनाऱ्यावर बसतो.

रद्द करायचे कोणी आणि केव्हा, हेही ठरवावे. लांबून येणाऱ्यांना आगगाडीचे तिकीट काढण्यापूर्वी कळले पाहिजे, आणि प्रवेशाचे पैसे परत मिळणार की नाही तेही. पाण्यावर मात्र पंचाची खूण चालते. निळ्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण चढले की चालू शर्यत रद्द. आता एक गोष्ट मला फार आवडते. या खेळाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की शर्यतीत उतरायचे की नाही, आणि सुरू झाल्यावर पुढे जायचे की नाही, याची जबाबदारी त्या त्या होडीची. पंचाने निशाण चढवले नाही म्हणून मी गेलो, असे म्हणता येत नाही. अर्थात होडीत बारा वर्षांचे पोर असेल तर मोठ्यांनी नियमाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. सोबतीला मोटारबोट नसेल तर शर्यत सोडूच नये, कितीही पाहुणे जमलेले असोत.

राहता राहिला हंगामाचा शेवट. शेवटची शर्यत मेच्या मध्यापर्यंत ओढायचा मोह होतो, कारण मुलांना सुट्टी असते. पण 2021 मध्ये तौक्ते वादळ 17 मे रोजी मुंबईजवळून गेले, पावसाळ्याच्या आधीच. आणि त्याआधी 2020 मध्ये निसर्ग वादळ 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले होते. माझ्या मते बक्षीस समारंभ एप्रिलच्या अखेरीस उरकावा, आणि मेचे पहिले दोन आठवडे होड्या वर ओढायला, डोलकाठ्या उतरवायला नि शिडे धुऊन वाळवायला ठेवावेत.