मीटर पडण्याआधी ठरलेली भाषा

मुंबईत 2001 च्या जनगणनेत 45.23 लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली, 2011 च्या जनगणनेत 44.04 लाखांनी. त्याच दहा वर्षांत हिंदी 25.88 लाखांवरून 35.98 लाखांवर गेली. (शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्हे धरून.) हे आकडे सभांमध्ये पुष्कळ वाजवले गेले. मला दुसरी जोडी जास्त बोलकी वाटते. देशातल्या मराठी भाषकांपैकी सुमारे 47 टक्क्यांना आणखी एखादी भाषा येते. हिंदी भाषकांपैकी जेमतेम 12 टक्क्यांना. म्हणजे अंधेरीच्या रिक्षात कोण कोणाच्या भाषेत बोलणार, हे मीटर पडण्याआधीच ठरलेलं असतं.

त्यात 'हिंदी' हा रकाना मोठ्या पोटाचा. भोजपुरी सांगणारे देशभरातले पाच कोटींहून अधिक लोक त्यातच मोजले जातात. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी घराचं तर आणखीच गमतीचं. स्वयंपाकघरात कच्छी, पेढीवर गुजराती, गिऱ्हाइकाशी हिंदी, भाजीवालीशी मराठी. जनगणना कच्छीला सिंधीखाली टाकते आणि मातृभाषेखेरीज दोनच भाषा लिहून घेते. चौथी भाषा कागदावर उरतच नाही.

जावा बेटावरही माणसं अशीच भाषा बदलतात. इंडोनेशियाच्या 2010 च्या जनगणनेत घरची रोजची भाषा जावानीज सांगणारे सुमारे 32 टक्के होते, इंडोनेशियन सांगणारे 20. पण इंडोनेशियन येणारे 90 टक्क्यांच्या वर. 1928 च्या युवक-शपथेत तिथल्या तरुणांनी एकजुटीची भाषा म्हणून संख्येने मोठी जावानीज नाकारून मलय भाषेवर उभी असलेली इंडोनेशियन स्वीकारली. शिवाय जावानीजमध्ये सलगीची 'ङोको' आणि अदबीची 'क्रोमो' अशा पायऱ्या आहेत. अनोळखी माणसाशी चुकीची पायरी पडण्यापेक्षा इंडोनेशियन बरी. आपल्याकडेही 'तू' की 'तुम्ही' या पेचातून मुंबईचं सरसकट 'तुम' सोडवतं, हे कबूल करायला हवं. फरक एवढाच, की तिथे मोठ्या भाषेचा माणूसही आपली भाषा सोडून मधल्या भाषेत येतो. बोरिवलीच्या फलाटावर मधली भाषा एका बाजूची घरचीच असते.

पुढची जनगणना 2027 ची आहे. प्रगणक दारात आला की 'येणाऱ्या इतर भाषा' हा प्रश्न घाईत उडवून लावू नका. आणि घरात मालवणी किंवा अहिराणी बोलत असाल, तर तीच सांगा.