स्केटबोर्डला ब्रेक नाही, हँडल नाही. मग वेग आवरायचा कसा आणि वळायचं कसं?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या मोमिजी निशियाने अवघ्या १३व्या वर्षी स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्णपदक जिंकलं. २०२१ मध्ये झालेल्या याच स्पर्धेत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला होता. आपल्याकडे स्केटबोर्ड अनेकदा वाढदिवसाची भेट म्हणून घरात येतो आणि मुलं तो घेऊन थेट सोसायटीच्या पार्किंगचा उतार गाठतात. चूक नेमकी इथेच होते.

उतारावर वेग किती वाढतो?

घर्षण वगळलं, तर फक्त १ मीटर उंचीवरून खाली येताना वेग ताशी सुमारे १६ किमी होतो. बेसमेंटचा रॅम्प ३ मीटर खोल असेल, तर हाच आकडा २७ किमीच्या पुढे जातो. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग थोडा कमी भरतो, पण मूल वजनाने हलकं आहे म्हणून तो फारसा घटत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला, की त्याच ब्रेकने थांबायला चौपट अंतर लागतं.

बोर्ड वळतो कसा?

फळीखाली पुढे आणि मागे धातूचे दोन सांगाडे असतात. त्यांना 'ट्रक' म्हणतात. फळी एका बाजूला झुकली, की ट्रकमधला तिरका सांधा चाकांचा दांडा फिरवतो. पुढची चाकं झुकलेल्या बाजूला वळतात, मागची उलट दिशेला, आणि बोर्ड गोलाईत जातो.

ट्रकच्या मधला मोठा नट खूप आवळला, तर बोर्ड वळायला जड जातो. खूप सैल ठेवला, तर वेगात थरथरतो. बोर्डवर उभं राहून पंजे आणि टाचा आलटून पालटून दाबल्यावर फळी सहज झुकली पाहिजे आणि दाब काढताच सरळ झाली पाहिजे.

वळायला शिकताना काय करायचं?

* सुरुवात सपाट, खडी नसलेल्या जागेवर करायची. छोटा खडाही चाक अडवतो.
* गुडघे वाकवून वजन दोन्ही पायांवर ठेवायचं.
* पंजांवर वजन दिलं, की बोर्ड छातीच्या बाजूला वळतो. टाचांवर दिलं, की पाठीच्या बाजूला.
* जिकडे जायचं तिकडे आधी नजर, मग खांदे. पायांकडे बघत राहिलं, की तोल जातो.
* हे जमलं, की 'किकटर्न' शिकायचा. मागच्या पायाने शेपटी हलकेच दाबून पुढची चाकं जराशी उचलायची आणि खांदे वळवायचे.

वेग कमी कसा करायचा?

सगळ्यात आधी शिकायचा तो 'फूट ब्रेक'. वजन पूर्ण पुढच्या पायावर घ्यायचं, मागचा पाय उचलून बुटाचा तळ जमिनीवर घासायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा. पाय एकदम रोवला, तर अंग पुढे फेकलं जातं.

उतारावर दुसरी युक्ती लागते, ती म्हणजे नागमोडी जाणं. घाटातला रस्ता डोंगरावर सरळ न चढता वळणं घेत जातो, तसंच हे. उतार तेवढाच राहतो, पण अंतर वाढतं, चाकं जास्त घासतात आणि वेग आवाक्यात राहतो. म्हणून वळण हाच स्केटबोर्डचा दुसरा ब्रेक.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

वेगाची भीती वाटली, की नवखा माणूस मागे झुकतो. त्यामुळे बोर्ड पायाखालून पुढे निसटतो आणि माणूस हात टेकून पडतो. मनगट मोडतं ते असंच. त्यामुळे हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्डही हवेतच.

उतारावर कधी जायचं?

सपाटीवर ठरवलेल्या रेषेवर फूट ब्रेकने दहापैकी दहा वेळा थांबता आलं, की मग. तेही उताराच्या अगदी खालच्या टोकापासून, गाड्यांची ये-जा नसेल तेव्हा. पुढच्या वेळी तिथून दोन पावलं वर.