ओव्हरक्लॉकिंग : हिवाळ्यात चालणारं सेटिंग नागपूरच्या उन्हाळ्यात का फसतं?

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. तेवढा विक्रमी उन्हाळा नसला, तरी जरीपटक्यातल्या एखाद्या वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, एसी नसलेल्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ४० अंश असणं नवलाचं नाही. गेमिंगसाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी ओव्हरक्लॉक केलेल्या डेस्कटॉपची खरी परीक्षा याच खोलीत होते. डिसेंबरात सुरळीत चाललेला कम्प्युटर अचानक रिस्टार्ट होऊ लागतो. असं का होतं आणि प्रोसेसरची सुरक्षित मर्यादा कशी शोधायची?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

४.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४५० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा हे ठोके वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. सगळ्या प्रोसेसरना ते जमत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावापुढे 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेतला मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये ही सोय असते, पण 'ए' मालिकेतल्या स्वस्त मदरबोर्डवर ती मिळत नाही.

एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. त्यामुळे मित्राच्या कम्प्युटरवरचा आकडा तुमच्या कम्प्युटरवर चालेलच असं नाही.

वेग थोडा वाढतो, मग उष्णता एवढी का?

वेग वाढवायला बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, वेग ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलं. वेग वाढला सुमारे ७ टक्के, उष्णता मात्र सुमारे २४ टक्के.

पंखा असो वा लिक्विड कूलिंग, प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंश असताना प्रोसेसर ७८ अंशांवर गेला, म्हणजे हवेपेक्षा ५६ अंश वर. मे महिन्यात खोली ४० अंश झाली की तोच प्रोसेसर ९६ अंशांच्या आसपास पोहोचणार. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, तर बहुतेक रायझन ७००० मालिकेची ९५. या मर्यादेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. शिवाय चिप तापली की तोच वेग पेलायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणूनच थंडीत पुरलेलं व्होल्टेज उन्हाळ्यात अपुरं पडतं.

मर्यादा कशी शोधायची?

१. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, बायोस अपडेट करा आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा.

२. मूळ सेटिंगवर सिनेबेंच १० मिनिटं चालवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहा. इथेच ते मर्यादेजवळ असेल, तर आधी कूलर बदला.

३. बायोसमध्ये मल्टिप्लायर एका पायरीने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवा. पुन्हा चाचणी घ्या.

४. चाचणी फसली, तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ने वाढवून पाहा. कम्प्युटर सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरून 'क्लिअर सीमॉस' करा.

५. उन्हाळ्याचा हिशोब आत्ताच करा. मे महिन्यात खोली १८ अंशांनी जास्त तापणार असेल आणि तेव्हा ९० अंशांच्या आत राहायचं असेल, तर डिसेंबरातली तुमची मर्यादा ७२ अंश.

६. या मर्यादेत टिकलेल्या शेवटच्या वेगापासून १०० मेगाहर्ट्झ मागे या. मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ काही तास चालवा. मे महिन्यात भर दुपारी ही चाचणी पुन्हा घ्या.

धोका नेमका कशाचा?

लगेच प्रोसेसर जळणं तसं दुर्मीळ, कारण अति तापल्यावर तो स्वतःच बंद होतो. जास्त व्होल्टेजने होणारी झीज मात्र हळूहळू होते आणि भरून येत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे तर ओव्हरक्लॉकिंगचीही गरज पडली नव्हती. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

दुसरा धोका दिसतही नाही. अर्धवट स्थिर प्रोसेसर बंद न पडता चुकीची आकडेमोड करू शकतो. मग प्रोजेक्टची फाइल खराब होते आणि ते कळतं थेट सबमिशनच्या दिवशी. म्हणून 'विंडोज सुरू झालं' म्हणजे 'सेटिंग जमलं' असं समजू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए' नावाच्या हार्डवेअर चुका दिसल्या, तर एक पायरी मागे या.

खोलीत डेझर्ट कूलर असेल तर?

हवा थंड झाल्याचा फायदा मिळतो. पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जाऊ शकतात. उन्हाळ्याआधी फिल्टर आणि हीटसिंकवरची धूळ साफ करा.

मग करावं की नाही?

आजचे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हाती फारसं उरत नाही. नागपूरसारख्या शहरात बऱ्याचदा उलटा उपाय जास्त उपयोगी ठरतो : वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी करणं, म्हणजे अंडरव्होल्टिंग. त्याचीही अशीच पायरीपायरीने चाचणी घ्यावी लागते, पण तापमान उतरतं आणि प्रोसेसरला स्वतःचा वेग जास्त वेळ टिकवता येतो.