चाकरमान्यांची डोंबिवली

मुंबईच्या सीएसएमटीपासून लोकलने सुमारे ४८ किलोमीटर. जिल्हा ठाणे, महापालिका कल्याणसोबत. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब! परतताना बायकांच्या डब्यात मांडीवर मेथी निवडून होते. तेवढंही जमलं नाही तर गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेतच. लेखक पु. भा. भावे, शं. ना. नवरे इथलेच रहिवासी होते. २०१७चं ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं. पण डोंबिवलीकरांचा खरा अभिमान म्हणजे गुढीपाडव्याची शोभायात्रा: १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली आणि पुढे ही प्रथा राज्यभर पसरली. दिवाळी पहाटेला फडके रोडवर नटूनथटून आलेल्या तरुणाईची झुंबड उडते. जायचं असेल तर गाडी घरीच ठेवा.